बरीराला नाही म्हणता आलं होतं

या बकरी ईदला घुग्घुसला घरी गेलो होतो. दुपारी सगळे जेवून आडवे झाले, तेव्हा आपाची मुलगी मोबाइल घेऊन आली. "मामू, मेरी स्टोरी अपलोड नहीं हो रही. देखो ना." घरात एक जण सॉफ्टवेअर इंजिनिअर असला की टीव्हीच्या रिमोटपासून बँकेच्या ॲपपर्यंत सगळं त्याच्याच हातात येतं. मी फोन घेतला. अडचण किरकोळ होती, मुखपृष्ठाचा फोटो फार मोठा होता. तो लहान करता करता मी गोष्ट वाचायला लागलो.

बारावीतली ही मुलगी मराठीत कादंबरी लिहिते आहे, तिचे बत्तीस भाग झाले आहेत आणि शेकडो जण ती वाचताहेत, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आपाला वाटत होतं, पोरगी रात्री नीटचा अभ्यास करते.

गोष्ट कुठल्याच नकाशावर नसलेल्या एका सल्तनतीची. समुद्रापलीकडून पकडून आणलेली एक मुलगी बाजारात विकली जाते. शहजादा तिला विकत घेतो. आधी तो कठोर वागतो, मग हळूहळू विरघळतो. दोघांचं प्रेम जमतं, पण लपून. तिच्याच जहाजातून आलेला आणखी एक गुलाम महालात आहे. त्याचाही तिच्यावर जीव आहे. बत्तिसाव्या भागाच्या शेवटी तो मलिकाच्या दारावर थाप देतो, सगळं सांगून टाकायला. आधीच्या भागांखाली वाचकांच्या प्रतिक्रिया होत्या. शहजाद्यासाठी लाल बदाम, आणि या दुसऱ्या गुलामावर संशय घेऊन शिव्या. "ये गद्दार निकलेगा, लिख लो."

मी तिला विचारलं, "हिला शहजादा आवडला नसता तर?"

"आवडतो ना पण."

"समज, नसता आवडला."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी क्रिकेटमध्ये बॅट कशाला लागते असं विचारलं होतं. "फिर स्टोरीच नहीं बनती, मामू. ये फँटसी है."

तिचं उत्तर बरोबर होतं. त्या मुलीने नाही म्हटलं असतं तर गोष्ट बनली नसती, कारण विकत घेतलेल्या मुलीला नाही म्हणायची सोयच नसते. शहजाद्याला हवं ते झालंच असतं. फक्त मग त्याला प्रेम म्हणता आलं नसतं. तेव्हापासून मी या एका मुद्द्याभोवती फिरतो आहे, म्हणून हा लेख.

आधीच सांगतो, मी पोरींना "असलं वाचू नका" म्हणायला बसलेलो नाही. मराठी माणसाला राजवाडे, ताटातूट आणि लपवलेलं प्रेम यांची आवड आजची नाही. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. त्या काळातल्या शिष्टांनीही अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांना नाकं मुरडली होती. आता तेच मोबाइलवर भागाभागाने येतं. फरक एवढाच की पुढचा भाग कोणता दाखवायचा, हे आता यंत्र ठरवतं, आणि ते यंत्र माझ्यासारखे लोक बनवतात. वाचक कुठल्या पानावर जास्त वेळ थांबला, कुठे परत आला, कुठे सोडून गेला, एवढंच त्याला कळतं. गुलाम मुलीला साखळी बांधली त्या पानावर एखादी सतरा वर्षांची पोरगी चार मिनिटं थांबली, तर तिला ते आवडलं, असा अर्थ यंत्र काढतं आणि तसल्याच आणखी दहा गोष्टी पुढे करतं. ती घाबरून थांबली, की तिला स्वतःचं काही आठवलं, हे त्याला कळत नाही. हळूहळू लिहिणाऱ्यांनाही वाटायला लागतं, लोकांना हेच हवंय.

यातून एक साचा तयार झाला आहे. मालक मनाने चांगला असतो, गुलाम मुलगी त्याच्यावर मरते, आणि वाईट कोण? तर दुसरा गुलाम. हा साचा खऱ्या इतिहासाला लावून पाहू. दूर जायची गरज नाही, आपल्या महाराष्ट्रातच गुलाम होते.

पेशवाईच्या कागदांत 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द वारंवार येतात. इथे कुणबीण म्हणजे कुणबी समाजातली बाई नव्हे, तर विकत घेतलेली, बक्षीस दिलेली किंवा शिक्षा म्हणून गुलाम केलेली बाई. तिची खरेदी होई, एका घरातून दुसऱ्या घरात ती भेट म्हणून जाई, सरकारी कोठ्यांमध्ये कामाला असे. दळण, शेण, पाणी, आणि मालकाला वाटलं तर अंथरूणही. तिच्यापासून झालेल्या मुलाला लेकावळा म्हणत. त्या कागदांत कुणबिणीची किंमत सापडते, ती कुणाला दिली हे सापडतं. तिचं कुणावर प्रेम होतं का, हे सापडत नाही. ते लिहून ठेवायची कुणाला गरजच वाटली नाही. कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली, म्हणजे 'मुक्तामाला' छापली गेली तेव्हा याला अठरा वर्षंच झाली होती. कायदा झाला म्हणून बाया दुसऱ्या दिवशी मोकळ्या झाल्या, असंही नाही.

आणि हे पेशव्यांचं म्हणून आपण बोट दाखवून मोकळं होऊ नये. आपल्या सुलतानांच्या दख्खनमध्येही हेच होतं. त्यातल्या एकाचं नाव आपण अभिमानाने घेतो. मलिक अंबर.

अंबर इथियोपियात जन्मला. लहानपणी त्याचं नाव चापू होतं. तो विकला गेला, पुन्हा विकला गेला, बगदादच्या मालकाने त्याला अंबर हे नाव दिलं, आणि शेवटी तो अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्याकडे आला. हा चंगीझखान स्वतः हबशी, एकेकाळचा गुलाम. तो मेल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. मग अंबरने लग्न केलं, फौज उभी केली, खडकी वसवली, तिथे नहर आणली, १६२४ मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजांना हरवलं. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. तिथेच त्याच्या बायकोची, बीबी करीमाची कबर आहे.

मी तिथे गेलो आहे. मलिक अंबरवर पुस्तकं आहेत, लेख आहेत, जहांगीरने त्याच्या मुंडक्यावर बाण मारतानाचं चित्रही काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधी मिळालं नाही. पण करीमाबद्दल जवळपास काहीच नाही. ते दोघं एकमेकांशी काय बोलत असतील? आधी कुणी कुणाला पाहिलं? माहीत नाही. मला एवढंच दिसतं की हा माणूस मुक्त झाल्यावर नवरा झाला आणि आपल्या नावाने घर उभं केलं. गुलामाचं लग्न तर मालकाच्या मर्जीवर असतं, बायको कधीही विकली जाऊ शकते. त्याच्या प्रेमाची गोष्ट सुरू व्हायला आधी सुटकेचा कागद लागला.

आणि सुटकेनंतरही शब्द पाठ सोडत नाही. अंबरने आपली मुलगी दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला दिली. पीटर व्हान डेन ब्रूक नावाचा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबरला भेटला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की सुलतानाच्या मोठ्या, इराणी बायकोने या मुलीला भांडणात हिणवलं, तू तर निव्वळ हबशी दासी आणि तुझा बाप बंडखोर. मुलीने ते बापाला कळवलं, आणि अंबरने सुलतान आणि ती बायको दोघांनाही विष देवववलं. मुलगी स्वतः गुलाम नव्हती. बाप राज्य चालवत होता. तरी महालात भांडण झालं तेव्हा हाताशी आला तो 'दासी' हाच शब्द. या नोंदीत त्या मुलीचं नाव नाही.

माझ्या भाचीच्या गोष्टीत शहजाद्याने निकाह केला की सगळं संपतं, लाइट जातात, पडदा पडतो. खऱ्या महालात तिथून गोष्ट सुरू होते.

आता दुसरा भाग, गद्दारीचा. माझ्या लहानपणी टीव्हीवर कमाल अमरोहींचा 'रझिया सुलतान' लागला होता. १९८३ चा सिनेमा, हेमामालिनी रझिया आणि धर्मेंद्र याकूत. अब्बू म्हणाले, हे सगळं खरं आहे. बरीच वर्षं मलाही खरंच वाटत होतं. पण रझियाच्या दरबारातला समकालीन इतिहासकार मिन्हाज-ए-सिराज प्रेमकथा सांगत नाही. त्याच्या लिहिण्यात एवढंच येतं की जमालुद्दीन याकूत या हबशी अमिराला सुलतानाची जवळीक मिळाली आणि तुर्की अमीर चिडले. घोड्यावर बसताना हात दिला वगैरे मसाला नंतरच्या लोकांनी भरला. बाईच्या हातून राज्य काढून घ्यायला 'तिचं लपून काहीतरी चालू आहे' यापेक्षा स्वस्त हत्यार नाही. १२४० मध्ये याकूत मारला गेला, रझियाही त्याच वर्षी.

यात लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. ज्या तुर्की अमिरांनी याकूतचा काटा काढला, त्यातले कितीतरी जण स्वतः इल्तुतमिशचे विकत घेतलेले गुलाम होते. आणि इल्तुतमिश स्वतः कुतबुद्दीन ऐबकचा गुलाम. म्हणजे गुलामच गुलामाच्या जिवावर उठले. का? ती जातच गद्दार म्हणून? नाही. जिथे एका माणसाच्या मर्जीवर सगळ्यांचं पोट, इज्जत आणि मान अवलंबून असते, तिथे दुसरा जवळ गेला की आपण लांब पडतो. ही शर्यत मालकाने लावलेली असते. घोडे एकमेकांना चावतात ते दिसतं, शर्यत लावणारा दिसत नाही.

सुलेमान सुलतानावरची तुर्की मालिका तुमच्यातल्या अनेकांनी पाहिली असेल. तीत हुर्रेम आणि इब्राहिम एकमेकांचे वैरी आहेत. दोघंही गुलाम म्हणून आलेले. इब्राहिम सुलेमानचा जिवलग, १५२३ मध्ये वजीर-ए-आझम झाला. १५३६ मध्ये त्याच महालात त्याला गळा आवळून मारण्यात आलं, सुलेमानच्या हुकमाने. मालिका पाहून आपण भांडतो की चूक हुर्रेमची की इब्राहिमची. हुकूम देणाऱ्याचं काय? तो आपला 'कानूनी', न्यायी सुलतान. गुलामाने मालकाचं गुपित फोडलं की गद्दारी. मालकाने तेरा वर्षं उशाशी ठेवलेल्या मित्राला मारलं की राजकारण. 'गद्दार' हा शब्द मालकाच्या वहीतला आहे. तो उचलून गोष्टीत लिहिण्याआधी ही वही कुणाची, हे पाहायला हवं.

कुणी म्हणेल, हे चारशे, आठशे वर्षांपूर्वीचं. भाचीची गोष्ट काल्पनिक आहे, कशाला एवढं मनावर घ्यायचं?

मनावर अशासाठी घ्यायचं की हे फार जुनं नाही. सौदी अरेबियाने गुलामी बंद केली ती १९६२ मध्ये. मॉरिटानियाने १९८१ मध्ये, आणि तिथे तो गुन्हा ठरला २००७ मध्ये. ऑगस्ट २०१४ मध्ये दाएशने इराकच्या सिंजारमध्ये यझिदी बायका आणि मुली पकडून बाजारात विकल्या. नादिया मुराद त्यातली एक. तिला २०१८ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. तिला विकत घेणारे लोक आमच्या किताबांचे हवाले देत होते. हे हवाले त्यांनी हवेतून आणले नव्हते. शतकानुशतकं आपल्या फिकहच्या ग्रंथांत बांदीवर मालकाचा काय हक्क, याचे नियम लिहिले गेले, आणि त्यात तिला विचारायची अट नव्हती. २०१४च्याच सप्टेंबरमध्ये जगभरच्या शंभरावर मुस्लिम आलिमांनी खुलं पत्र लिहून गुलामी परत आणणं हराम असल्याचं सांगितलं, हेही खरं. आणि नादिया निसटली तेव्हा मोसुलमधल्या एका मुस्लिम कुटुंबाने तिला घरात लपवलं आणि बाहेर काढलं, हेही खरं. त्या कुटुंबाने मालकांशी गद्दारी केली. अशी गद्दारी आपल्या गोष्टींत का येत नाही?

"इस्लाममध्ये गुलामांना चांगलं वागवत" हे वाक्य आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. हजरत बिलाल (र.) यांची अजान आपण ऐकवतो. पण मला वाटतं, या विषयावर सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याकडे बरीराची आहे, आणि ती आपण फार कमी सांगतो.

बरीरा मदिन्यातली गुलाम बाई. तिने मालकांशी सुटकेचा करार केला होता, नऊ वर्षांच्या हप्त्यांचा. मदत मागायला ती हजरत आयेशा (र.) यांच्याकडे आली, आणि आयेशांनी एकरकमी पैसे देऊन तिला मोकळं केलं. गुलामीत असताना तिचं लग्न मुगीस नावाच्या गुलामाशी झालेलं होतं. मोकळी झाल्यावर तिला विचारण्यात आलं, हे लग्न ठेवायचं की नाही. तिने नाही म्हटलं.

मुगीसचं तिच्यावर खरंच प्रेम होतं. हदीसमध्ये येतं की तो मदिन्याच्या गल्ल्यांमधून तिच्या मागे मागे रडत फिरायचा, आसवं दाढीवरून ओघळायची. प्रेषितांना (स.) त्याची दया आली. ते चाचा अब्बासना म्हणाले की याचं प्रेम आणि तिची नफरत, दोन्ही पाहून नवल वाटतं. मग त्यांनी बरीराला, परत जाशील तर बरं, असं सुचवलं. बरीराने विचारलं, हा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतो आहे. तेव्हा ती म्हणाली, मग मला त्याची गरज नाही. आणि तिथे विषय संपला.

परवापर्यंत जी विकली जाऊ शकत होती, ती बाई अल्लाहच्या रसूलला विचारते आहे, हा हुकूम आहे का? आणि हुकूम नाही म्हटल्यावर नकार देते. कुणी तिला कृतघ्न म्हटलं नाही. मुगीसच्या आसवांचं ओझं तिच्यावर टाकलं नाही. हीसुद्धा प्रेमकथाच आहे. फक्त हिच्यात क्रम सरळ आहे: आधी सुटका, मग प्रश्न, मग उत्तर. आणि उत्तर 'नाही' असलं तरी ते उत्तरच.

आमच्या कॉलनीत आमच्या पिढीचे इंजिनिअर झालेले बरेच. पहिल्या नोकरीत माझा दोन वर्षांचा बाँड होता, मूळ मार्कशीट कंपनीने ठेवून घेतली होती. कँटीनमध्ये आम्ही स्वतःला 'कंपनीचे गुलाम' म्हणायचो. मग एक दिवस मी राजीनामा दिला, थोडे पैसे भरले, मार्कशीट घेतली आणि निघालो. आता तो विनोद करवत नाही. ज्याला राजीनामा देता येतो तो गुलाम नसतो. आमच्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात म्हाताऱ्या माणसांना 'वेठ' म्हणजे काय ते विचारा. मालगुजाराने, जंगल खात्याच्या माणसाने बोलावलं की जायचं, मजुरी मागायची नाही. संविधानाच्या २३व्या कलमाने बेगार बंद केली, तरी १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. सोडून जाता येतं की नाही, हीच त्याही कायद्यातली खरी कसोटी आहे.

मग आमच्या पोरींना या गोष्टी का आवडतात? मला याचं उत्तर ठाऊक आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटते.

मी अकरावीत होतो. चाचांची मुलगी, जिला मी बाजी म्हणायचो, बी.ए.ला होती. एकदा तिच्या लायब्ररीच्या पुस्तकात मला एक चिठ्ठी सापडली. वर्गातल्या मुलाची. चार ओळी होत्या, त्यात वाईट काही नव्हतं. मी ती चाचांना नेऊन दिली. का दिली? मी स्वतःला सांगितलं, खानदानाची इज्जत. खरं म्हणजे मला मोठ्यांमध्ये बसायचं होतं. बाजीचं कॉलेज बंद झालं. दोन महिन्यांत निकाह झाला, मुलगा तिने पाहिलेलाही नव्हता. काझींनी विचारलं तेव्हा पडद्याआडून हुंकार आला, सगळ्यांनी तो 'कुबूल' समजून घेतला. चाचांनी मला घड्याळ घेऊन दिलं. तेच घालून मी इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला गेलो.

बाजी गुलाम नव्हती. कुणी तिला विकलं नव्हतं, चाचांचा तिच्यावर जीव होता. शब्द सैल वापरू नये, हे मी वरच म्हटलं आहे. पण नाही म्हणायची जागा तिच्याकडे किती होती? आपल्या दीनमध्ये मुलीच्या होकाराशिवाय निकाह नाही. खन्सा बिन्त खिदाम यांचं लग्न वडिलांनी मनाविरुद्ध लावलं, तेव्हा प्रेषितांनी (स.) ते रद्द केलं होतं. हे चाचांना ठाऊक होतं, काझींना तर होतंच. तरी विचारणं म्हणजे एक रिवाज होता, प्रश्न नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मी बाजीची माफी मागितली. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा ओरडेल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तू बता के भी क्या बिगाड़ा? मुझे किसी ने पूछा ही नहीं था."

तिला माझा राग नव्हता, हे माझ्यासाठी जास्त जड गेलं. इतकी वर्षं मी स्वतःला तिच्या गोष्टीतला गद्दार समजत होतो. ती मला सांगत होती की मी चिठ्ठी दिली नसती तरी गोष्ट तीच होती. याचा अर्थ मी सुटलो असा नाही. महालातल्या गुलामाला निदान चाबकाची भीती असते. मला कसली भीती होती? मला घड्याळ हवं होतं.

आमच्या पोरी लपवलेल्या प्रेमाच्या गोष्टी वाचतात, कारण लपवणं त्यांना माहीत आहे. फोनचं लॉक, मैत्रिणीच्या नावाने सेव्ह केलेला नंबर, दारावर थाप पडली की बदललेली स्क्रीन. गुलाम मुलीच्या जागी त्या स्वतःला का पाहतात, हे समजून घेण्याऐवजी आपण त्यांचा फोन काढून घेतो. मग त्यांच्या गोष्टीतला शहजादा हाच सुटकेचा एक रस्ता उरतो: कुणीतरी यावं, मला आपलं म्हणावं. मला वाटतं इथेच या गोष्टी त्यांना फसवतात. नवा मालक म्हणजे सुटका नव्हे, तो कितीही देखणा असला तरी.

म्हणून लिहिणाऱ्या पोरापोरींना माझं सांगणं एवढंच. सल्तनती लिहा, समुद्र लिहा, उडते घोडे लिहा. पण तुमच्या गुलाम नायिकेला एकदा तरी असा दरवाजा द्या, जो ती आतून उघडू शकते आणि बंदही करू शकते. त्यानंतर ती शहजाद्याकडे वळली तर आम्हीही लाल बदाम टाकू. आणि दुसऱ्या गुलामाला गद्दार ठरवण्याआधी त्याला त्या दारापर्यंत कुणी आणलं, तेही लिहा. आणि जे लिहीत नाहीत, फक्त भाऊ, चाचा, मामू आहेत, त्यांनी घरातल्या मुलीला विचारताना बरीराची आठवण ठेवावी. हुकूम आहे की शिफारस, हे तिला स्पष्ट कळलं पाहिजे. आणि तिने नाही म्हटलं तर विषय तिथे संपला पाहिजे.

ईदच्या त्या दुपारी मी भाचीला बरीराची गोष्ट सांगितली. तिने ऐकली, मग म्हणाली, "मुगीस का क्या हुआ?" मी म्हटलं, माहीत नाही. "बेचारा," ती म्हणाली आणि फोन घेऊन गेली. तिच्या कादंबरीबद्दल मी आपाला काही बोललो नाही. सांगायचं तर ती सांगेल, असं ठरवलं. हा लेख लिहिण्याआधी मात्र मी तिला आणि बाजीला, दोघींना विचारलं. बाजी म्हणाली, "अब पूछ रहा है!" आणि हसली, आणि हो म्हणाली. भाचीने दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत तिने स्वतः आईला सगळं सांगितलं. आपा रागावली, मग रात्री उशिरापर्यंत बत्तीसच्या बत्तीस भाग वाचत बसली.

आता छत्तीसावा भाग आला आहे. मुलीच्या हातात सुटकेचा कागद आहे आणि शहजादा दाराबाहेर उभा आहे. वाचक वैतागले आहेत, लवकर हो म्हण म्हणताहेत. ती काय म्हणणार, हे भाचीने मला अजून सांगितलेलं नाही.